टारफुला, गोचीड आणि नैरोबी

टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. आईला ते दाखवायची गरज नाही. ज्वारीच्या बुडाशी ती नाजूक पांढरी फुलं दिसली की तिचा जीव खालीवर व्हायचा, कारण वर फूल दिसेपर्यंत खाली मुळांना चिकटून त्याने ताटाचा रस ओढलेला असतो. उपटून काय उपयोग! एकेका झाडाचं हजारोंनी बी, धुळीसारखं बारीक, आणि वर्षानुवर्षं मातीत जिवंत.

या टारफुल्याचा जांभळट फुलांचा भाऊ केनियात मका खातो. आणि त्यावर तिथे निघालेला उपाय आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. भाचा कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "केनियात ना मामा, धावपटू असतात."

असतातच. पण थॉमस ओडियाम्बोही होते. जन्म १९३१, युगांडात कृषी खात्यात नोकरी, मग केंब्रिजला कीटकशास्त्रात पीएचडी. तिकडेच राहून नाव कमावता आलं असतं. हा गडी नैरोबीला परतला आणि १९७० साली 'इसिपे' ही कीटक संशोधन संस्था उभी केली. आफ्रिकेच्या किडींचा अभ्यास आफ्रिकेत व्हावा, तिथल्या पोरांनी करावा, एवढाच हट्ट. त्सेत्से माशी, वाळवी, टोळ, गोचीड, खोडकिडा. १९९४ पर्यंत त्यांनीच ती चालवली.

खोडकिड्याची गंमत म्हणजे मका-ज्वारी पोखरणारी त्याची एक जात मूळ आशियातली, म्हणजे आपल्याकडचीच. गेल्या शतकात तिकडे पोचली आणि माजली. मग इसिपेने तिचा शत्रू असलेली बारीक गांधीलमाशी पाकिस्तानातून आणून १९९३ साली केनियाच्या किनारपट्टीवर सोडली. पाहुणी आपली, तिला आवरणाराही आपल्याच बाजूचा!

मला मात्र 'पुश-पुल'ची, म्हणजे किडीला पिकातून ढकलायचं आणि दुसरीकडे ओढायचं, ही गोष्ट जास्त आवडते. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता इथल्या केंद्रात, इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेसोबत हे काम झालं. पुढाकार झियाउर खान यांचा, ते मूळचे भारतीय. चार्ल्स मिडेगा हे केनियाचे शास्त्रज्ञही त्यात होते. मक्याच्या दोन ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं द्विदल लावायचं, बांधाला नेपिअर गवत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचा पतंग दूर पळतो. नेपिअरचा वास त्याला ओढतो, तो तिथे अंडी घालतो आणि गवताच्या चिकट रसात अळ्या मरतात. वर डेस्मोडियमची मुळं असं काही स्रवतात की टारफुल्याचं बी फसून उगवतं, पण त्याला मक्याच्या मुळाला चिकटता येत नाही. पिकावर पोसण्याआधीच मेलं! फवारणी नाही, आणि जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच.

केनियाच्याच, शांततेचं नोबेल मिळालेल्या वांगारी मथाई यांनाही आपण 'झाडं लावणाऱ्या बाई' करून टाकलंय. नोबेलच्या बातमीत त्या मुळात पशुवैद्यकीय शरीररचनेच्या प्राध्यापक, हे कुठे दिसतं? पूर्व आणि मध्य आफ्रिकेत पीएचडी मिळवणारी पहिली बाई, १९७१. गाईगुरांचा जीव घेणाऱ्या तापाची गोचीड गोळा करत त्या नैरोबीच्या आसपासच्या गावांत फिरत होत्या. (आपल्या संकरित गाईंना गोचिडीतून होणाऱ्या थायलेरिया रोगाचाच हा ताप चुलतभाऊ.) तिथे त्यांना नद्या गढूळ दिसल्या, गाई हडकलेल्या दिसल्या. माती वाहून जातेय, चारा नाही, मग फक्त गोचीड मारून काय होणार? त्यांची ग्रीन बेल्ट ही झाडं लावायची चळवळ १९७७ ची, पण बी त्या गोचिडीच्या कामात आहे, असं माझं ठाम मत.

एक खटकतं. अमेरिकेत काय निघालं ते आपल्याला आठवड्यात कळतं. आपलीच कीड, आपलंच तण, आपल्यासारखाच दोन-तीन एकरवाला शेतकरी जिथे आहे, तिथलं तीस वर्षांत कळत नाही. ओडियाम्बो २००३ ला गेले. आपल्याकडे कुणी चार ओळी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

परवा हे सगळं आईला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. टारफुल्याचं विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "ते डेस्मोडियम का काय, म्हैस खाते का?"

खाते. केनियातल्या बायकांनीही ते रानात ठेवलं, त्यात चाऱ्याचा वाटा मोठा होता.

"मग बी बघ कुठं मिळतंय का," म्हणाली.