कॉन्स्ट की रीडओन्ली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लायब्ररीबाहेर दिसणारी किंमत कॉन्स्ट (कोड कंपाइल होतानाच पक्की होणारी किंमत) म्हणून देऊ नका, नेहमी स्टॅटिक रीडओन्लीच (प्रोग्राम चालू झाल्यावर एकदाच भरलं जाणारं फील्ड) वापरा. तुमचं म्हणणं असं, की दोन्हींत किंमत बदलता येत नाही, मग हा शब्दांचा कीस कशाला; शिवाय रीडओन्ली हळू चालतं; आणि हल्ली सगळं एकत्र बिल्ड होत असल्याने मी घातलेली भीती जुनी झाली. असे सरसकट नियम सांगून मी नवशिक्यांची दिशाभूल करतो, असंही तुम्ही म्हटलंय.

या शेवटच्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे. ‘नेहमी’ हा शब्द मी लिहायला नको होता. ॲट्रिब्यूटला (कोडवर लावलेल्या माहितीच्या खुणेला) द्यायची किंमत, स्विचमधली केस, पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत, या ठिकाणी कंपायलरला किंमत कंपाइल करतानाच हवी असते; तिथे रीडओन्ली चालतच नाही. प्रायव्हेट कॉन्स्टमध्येही काही धोका नाही, कारण ती वापरणारा कोड तिच्यासोबतच कंपाइल होतो. लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय.

पण शब्दांचा कीस? ते मान्य नाही. समजा, लायब्ररीत ‘कमाल प्रयत्न’ नावाची पब्लिक कॉन्स्ट आहे आणि तिची किंमत 3. ॲप्लिकेशन कंपाइल होताना कंपायलर त्या नावाच्या जागी थेट 3 हा आकडा लिहून टाकतो. त्या ओळीत लायब्ररीचा मागमूसही उरत नाही. उद्या तुम्ही लायब्ररीत 5 केलं आणि फक्त तिची डीएलएल (कंपाइल झालेली तयार फाइल) बदलली, तरी ॲप्लिकेशन 3 वरच अडून बसतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. स्टॅटिक रीडओन्ली असतं तर ॲप्लिकेशनने प्रोग्राम चालू असताना त्या फील्डकडे जाऊन किंमत विचारली असती, आणि 5 मिळाले असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका कामात या एका आकड्यापायी माझे दोन दिवस गेले. लायब्ररीचा सोर्स उघडला की 5 दिसायचे, लायब्ररीच्या स्वतःच्या लॉगमध्येही 5 यायचे, आणि प्रत्यक्षात तिसऱ्या प्रयत्नानंतर काम थांबायचं. कॉन्फिगरेशन तपासलं, कॅश पुसली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. शेवटी ॲप्लिकेशनची डीएलएल डीकंपाइल करून, म्हणजे तिच्यातून पुन्हा वाचता येणारा कोड काढून पाहिली, तेव्हा तिथे नुसता 3 होता.

आता एकत्र बिल्डचा मुद्दा. सगळा कोड एकाच सोल्युशनमध्ये असेल आणि दर वेळी पूर्ण रिबिल्ड होत असेल, तर तुमचं खरं आहे. पण पॅकेज आलं की हे गणित मोडतं. तुमच्या लायब्ररीची पहिली आवृत्ती धरून दुसऱ्या कुणी एक पॅकेज कंपाइल केलंय. तुमचं ॲप्लिकेशन ते पॅकेजही घेतं आणि तुमच्या लायब्ररीची दुसरी आवृत्तीही. ते पॅकेज तयार डीएलएल म्हणून येतं. तुमचा बिल्ड कितीही स्वच्छ असला तरी ते पुन्हा कंपाइल होत नाही. म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये तुमचा कोड 5 धरून चालतो आणि ते पॅकेज 3 धरून. पॅकेजेसमुळे ही अडचण जुनी व्हायच्या ऐवजी वाढली आहे, असं माझं ठाम मत आहे.

एनमच्या (नावं दिलेल्या आकड्यांच्या यादीच्या) किमतीही अशाच वापरणाऱ्याच्या कोडमध्ये उतरतात, म्हणून चालू एनमच्या मध्येच नवा सदस्य घुसवू नये. जावातही हेच होतं, आणि तिथे ते ओळखणं आणखी अवघड, कारण कॉन्स्ट आणि रीडओन्ली अशा दोन्ही प्रकारांसाठी स्टॅटिक फायनल हीच शब्दजोडी आहे. उजव्या बाजूला कंपाइल करतानाच कळणारा आकडा असेल तर तो उतरवला जातो. मेथड कॉल असेल तर नाही. जावाच्या स्पेसिफिकेशनमधल्या 13 व्या प्रकरणात, खरे गणिती स्थिरांक सोडले तर अशा कॉन्स्टंटचा वापर फार जपून करा, असा सल्लाच दिलाय.

वेगाचं थोडक्यात सांगतो. सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्या डॉट नेट कोअरच्या 3.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, टायर्ड कंपायलेशन (आधी झटपट आणि मग गरजेनुसार पुन्हा नीट कंपाइल करणं) डीफॉल्ट आहे. वारंवार चालणारी मेथड जेआयटी (प्रोग्राम चालू असताना कंपाइल करणारा कंपायलर) दुसऱ्यांदा कंपाइल करतो तेव्हा क्लास इनिशियलाइज झालेला असतो, आणि मग साध्या स्टॅटिक रीडओन्ली किमतीला तो स्थिरांकासारखंच वागवू शकतो.

‘दोन्हींत किंमत बदलत नाही’ हेही अर्धंच खरं. रीडओन्ली फील्डमध्ये लिस्ट असेल तर त्या जागी दुसरी लिस्ट ठेवता येत नाही एवढंच. आतल्या लिस्टमध्ये कुणीही खुशाल ॲड करू शकतं.

तुम्ही दिलेल्या उदाहरणात एकाच क्लासमध्ये आठवड्याचे दिवस 7 आणि एका पानावरच्या नोंदी 50, अशा दोन पब्लिक कॉन्स्ट आहेत. 7 तशीच राहू द्या. 50 मात्र स्टॅटिक रीडओन्ली करा, आणि तो बदल पाठवताना ती वापरणारा सगळा कोड एकदा पुन्हा कंपाइल करून घ्या. नाहीतर आधी उतरलेले 50 जुन्या डीएलएलमध्ये तसेच राहतील.