घर ११ महिन्यांचं, इंटरनेट १२ महिन्यांचं

दिवाळी झाल्यावर आम्ही घर बदललं. पुण्यातच, कर्वेनगरहून नऱ्ह्याला. घरमालक काकांचा मुलगा बंगळुरूहून परत येणार होता. त्यांनी करारात ठरल्याप्रमाणे महिनाभर आधी सांगितलं, शेवटच्या दिवशी लाईटचं बिल वजा करून डिपॉझिट हातावर ठेवलं आणि टेम्पोत सामान चढवायला स्वतः खाली आले. गॅस एजन्सीत कनेक्शन बंद केल्याचा कागद मिळाला, सिलिंडर-रेग्युलेटर जमा केलं, डिपॉझिट परत मिळालं, तोच कागद दाखवून नव्या एजन्सीत कनेक्शन सुरू. एकाच गोष्टीनं मला दोन महिने छळलं, आणि ती म्हणजे ब्रॉडबँड.

जूनमध्ये त्या घरात आलो तेव्हाच वर्षभराचा प्लॅन घेतला होता. ९,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२० एकदम भरले. दर महिन्याला भरलं तर १,००० अधिक जीएसटी, म्हणून वर्षाचा स्वस्त. मी घरून आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाईन क्लास घेते, नेट ही माझी चैन नाही. कनेक्शन जोडायला आलेल्या दादांना मी तेव्हाच विचारलं होतं, "घर बदललं तर?" ते म्हणाले, "ताई, काही काळजी करू नका, शिफ्ट होतं." मी विश्वास ठेवला. त्यांचा दोष नाही, त्यांनाही तेवढंच सांगितलेलं असतं.

नऱ्ह्याला आल्यावर शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाकली. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला, गच्चीवर जाऊन पाच मिनिटांत खाली. "मॅडम, या सोसायटीत आपली लाईनच नाही. कमिटीनं दुसऱ्या कंपनीला दिलंय." मी बॉक्स लावून ठेवला होता, उगाच, आशेनं. त्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लुकलुकत होता. वायरच नाही तर सिग्नल येणार कुठून? त्या संध्याकाळी सहा वाजता मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मी दहावीचं त्रिकोणमितीचं प्रकरण शिकवलं. अकरा मुलांपैकी चौघांना माझा आवाज तुटक येत होता. शेवटी पायऱ्या वहीत लिहून फोटो ग्रुपवर टाकले.

कस्टमर केअरला म्हटलं, तुम्हाला इथे सेवा देता येत नाही, तर उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत द्या. उत्तर आलं, "मॅम, ॲडव्हान्स रेंटल नॉन-रिफंडेबल आहे." आणि त्याच फोनवर पुढचं वाक्य, राउटर पंधरा दिवसांत जमा करा, नाहीतर १,५०० रुपये लागतील.

त्यांचा बॉक्स त्यांना परत हवा. माझे सात महिने मात्र मला परत नाहीत.

जुन्या घरात काकांचा मुलगा तेच कनेक्शन वापरायला तयार होता, उरलेल्या महिन्यांचे पैसेही देतो म्हणाला. कंपनी म्हणाली, नाव बदलत नाही, त्यांना नवीन कनेक्शन घ्यावं लागेल. माझ्या नावावर, माझ्या आधारवर चालू ठेवून निघून जायचं हे मला पटलं नाही. उद्या त्या लाईनवरून काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील.

मला कंपन्यांची बाजूही कळते. फायबर खांबाखांबावरून ओढायला खर्च येतो, स्थानिक केबलवाल्याला त्याचा वाटा असतो. वर्षाच्या प्लॅनची सवलत वर्षभर राहणाऱ्यालाच मिळावी, हेही मान्य. मग ती सवलत काढून घ्या. पाच महिने महिन्याच्या दरानं धरा, १,१८० प्रमाणे ५,९०० होतात. जोडणीचा वाजवी खर्चही कापा. तरीही ४,७२० रुपयांतले बरेचसे माझे उरतात. मी फुकट काही मागत नाहीये.

हे सगळं सोसतो तो भाडेकरू. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपलं नेहमीचं भाड्याचं अॅग्रीमेंट, कितीही दिवसांचं असलं तरी नोंदवावंच लागतं, पण ते ११ महिन्यांचंच करायची रीत काही सुटलेली नाही. म्हणजे वर्षाचा प्लॅन घेणाऱ्या बहुतेक भाडेकरूंच्या हातात त्या घराचं वर्षसुद्धा नसतं. पुणे-मुंबईत हे कंपन्यांना माहीत नाही असं मला कुणी सांगू नये. मोबाईल नंबर २०११ च्या जानेवारीपासून देशभर कंपनी बदलून नेता येतो, २०१५ पासून राज्य बदललं तरी. वायर उचलून नेता येत नाही हे मला समजतं. पण न वापरलेल्या महिन्यांचे पैसे तर वायरीला बांधलेले नाहीत ना?

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी, मला धडपडून जे कळलं ते लिहिते. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची नियामक संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्यायचा, तो न विसरता लिहून ठेवायचा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील, ते ३९ दिवसांत निकाली काढावं लागतं. मला एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं, तेच नॉन-रिफंडेबल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही नोंद करता येते. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार', म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार, ही कल्पना आणली, फार चांगलं केलं. पण करारच अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा आयोगात करता येत नाही, थेट राज्य आयोगात जावं लागतं. चार-पाच हजारांसाठी कोण जाणार? अशा एकतर्फी अटी तर छोट्या रकमांच्या व्यवहारांतच जास्त असतात. हा अधिकार जिल्ह्याला द्यायला हवा, आणि सेवा देता येत नसेल तर उरलेले पैसे परत, हा नियम ट्रायनं सरळ लिहून टाकायला हवा. ग्राहकाच्या सहीखालच्या बारीक अक्षरांवर हे सोडू नये.

मी सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात करतेय. भाडेकरार, प्लॅनची पावती, "इथे लाईन नाही" हा कंपनीचा मेसेज आणि राउटर जमा केल्याची पोच, सगळं स्कॅन करून झालंय. नऱ्ह्यात सध्या सोसायटीतल्या त्या एकाच कंपनीचं कनेक्शन घेतलंय, महिन्याच्या बोलीवर, थोडं महाग पडलं तरी. तुमच्यापैकी कुणाला घर बदलताना "नॉन-रिफंडेबल" असं लेखी उत्तर आलं असेल तर मला मेसेज करा. नाव-नंबर झाकून चालेल, फक्त तारीख आणि मजकूर वाचता आला पाहिजे. ट्रायला पत्र लिहायचंय, त्याला जोडेन.