बर्मिंगहॅमचा अडकित्ता

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माळा उतरवायचा, हा आमच्या मंगळवार पेठेतल्या घराचा दंडक. आजोबा उद्यमनगरात लेथवर होते. त्यामुळं पूजेला तलवार-भाला नसला तरी पान्हे, कानशी, हातोड्या आणि एक व्हर्नियर एवढी फौज निघतेच. यंदा ट्रंकेच्या तळातून आजोबांच्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. काळंनिळं लोखंड, खडबडीत काळी मूठ, खाली चाप.

आजीनं चष्मा न लावताच निकाल दिला. "अडकित्ता हाय."

"आजी, याला चाप हाय."

"मग चापाचा अडकित्ता."

आता आजी अगदीच चुकली असं म्हणवत नाही. ते होतं हवेचं पिस्तूल, छर्ऱ्याचं. मागची कडी सोडली की नळीचं मागचं टोक वर उचलतं, आणि पुढच्या बिजागरीवर फिरत अख्खी नळी पुढं पालथी होते. तेवढ्या जोरात आतली स्प्रिंग दबते. बिजागरी एका टोकाला, मध्ये बोट सापडलं तर खांडोळी. वेगळं काय असतं अडकित्त्यात?

बातमी गल्लीत जायला चहा उकळायचाही वेळ लागला नाही. आणि हे कोल्हापूर. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं, तेव्हापासून गावात नेमबाजीतलं कळत नाही असा माणूसच उरलेला नाही. जो येई तो पिस्तूल उचले, नळी मोडे, एक डोळा मिटून आमच्या कॅलेंडरवरच्या अंबाबाईच्या शेजारचा खिळा धरे आणि चाप ओढे. फटॅक!

"काका, मोकळं नका ना उडवू!" मी प्रत्येकाला विनवत होतो. यामागं कारण आहे. स्प्रिंगच्या जोरावर दट्ट्या धावतो, हवा दाबतो, ती हवा छर्ऱ्याला ढकलते. छर्रा असला की त्याच्या अडवणुकीमुळं हवेची गादी तयार होते आणि दट्ट्या तिच्यावर टेकतो. छर्राच नसेल तर हवा सुटून जाते नि दट्ट्या सरळ लोखंडावर आदळतो. हे मी सहा जणांना समजावलं. सहाही जणांनी "असं होय?" म्हणत पुन्हा एकदा उडवून बघितलं.

दुधाळीच्या रेंजवर जाणाऱ्या एका मित्रानं साडेचार मिलीमीटरचा छर्रा आणला. तो नळीच्या बुडात घट्ट बसला, तेव्हा आधी जीव भांड्यात पडला. नळी त्याहून मोठी निघाली असती तर परवान्याची भानगड होती, आणि आजोबांना आता स्टेशनात बोलावणं अवघड.

मग भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, ह्यो बाँडचा हाय!" फोटोत शॉन कॉनरी, हातात लांब नळीचं पिस्तूल. खरी गोष्ट अशी, की त्या फोटोच्या वेळी खरं पिस्तूल आणायचंच राहिलं, म्हणून फोटोग्राफरनं स्वतःचं वाल्थरचं हवेचं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. ते 2010 साली लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात 2 लाख 77 हजार पौंडांना गेलं. "ते वाल्थर, जर्मनीचं. आपलं कुठलं ते अजून ठरायचंय," असं मी म्हणेपर्यंत आकडा गंगावेशीत दूधकट्ट्यावर पोचला होता. म्हशीच्या धारेबरोबर तो वाढलाही. संध्याकाळी एक लांबचा आत्तेभाऊ वाटणीचं बोलायला म्हणून सहज येऊन गेला.

शेजारच्या अण्णांना मात्र पैशात रस नव्हता. "शाहू महाराजांनी दिल्यालं हाय ते तुझ्या पणज्याला. शिकारखान्यातलं."

वस्तूवर काही कोरलेलं होतं, पण झिजून आणि मळून इतकं बुजलेलं की भिंग लावूनही वाचता येईना. मी रात्री दोनपर्यंत मोबाईलवर जुन्या पिस्तुलांची चित्रं बघत बसलो. सकाळी उशिरा उठलो.

तोवर आईनं पूजा मांडली होती. पाटावर पान्हे, कानशी, हातोड्या, सुपारीचा अडकित्ता, आणि मधोमध चांदीसारखं लखलखणारं पिस्तूल.

"आई! याचा रंग?"

"रंग कुठला? काळं मिच्च पडल्यालं! चिंचेचा कोळ लावला रात्रभर, मग काथ्यानं घासलं. बघ की, कसं दिसतंय."

ते काळंनिळं म्हणजे मळ नव्हता. कारखान्यात मुद्दाम, सांभाळून चढवलेला एक प्रकारचा गंजच तो, खऱ्या गंजाला आत येऊ न देणारा. आंबट लागलं की तो उतरतो. जुन्या पिस्तुलाची किंमत करणारा सगळ्यात आधी तोच बघतो. हे आईला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं हळदीकुंकवाची बोटं पिस्तुलावर ओढली.

आणि अक्षरं दिसली. बुजलेल्या रेघांतला मळ चिंचेनं निघाला होता, त्यात आता कुंकू जाऊन बसलं. लालभडक इंग्रजी अक्षरं: वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. मुठीच्या वरच्या बाजूला 'सीनियर'.

वेब्लीचं पहिलं हवेचं पिस्तूल 1924 चं. हे सीनियर 1930 ला आलं. मी धावत अण्णांकडं गेलो. "अण्णा, शाहू महाराज 1922 लाच गेले. हे त्यांनी कसं दिलं?"

अण्णांनी पानाला चुना लावता लावता विचार केला. "मग राजाराम महाराजांनी दिलं असंल. 1940 पर्यंत होते की ते."

किंमत विचारायला म्हणून ओळखीनं पुण्याच्या एका संग्राहकांना फोन लावला. सीनियर म्हटल्यावर गडी खुलला. "मूळ पेटी आहे का? कधीकधी पेटीचाच भाव निम्मा असतो." मी आईकडं बघितलं. तिला खोका आठवत होता. पुठ्ठ्याचा, मजबूत. संक्रांतीला त्यातून वाण घालून इचलकरंजीच्या मावशींना दिला होता.

"बरं, फोटो पाठवा." पाठवला. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही.

"हे कुणी केलं?"

"आईनं."

"कशानं?"

"चिंचेनं."

पुन्हा तसंच. "जपून ठेवा," ते म्हणाले. "घरातच." आकडा काही सांगितला नाही. दुपारी दारावर आलेल्या भंगारवाल्यानं सांगितला, पण वजनावर, आणि किलोलाही ते थोडं कमीच भरलं.

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणत होतं ते पुण्याचं माणूस? त्यांच्याकडं बी हाईत का असली?"

"बारा-पंधरा आहेत म्हणे."

"काळी पडली असतील बघ सगळी," आई म्हणाली. "द्या म्हणावं पाठवून. अर्धा किलो चिंच हाय अजून घरात."