रोव्हर्स कप आणि १९११ : एक खुलासा
‘१९११ साली मोहन बागानने मुंबईत अनवाणी खेळून इंग्रजांकडून रोव्हर्स कप जिंकला’ हा कलकत्त्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबाविषयीचा संदेश सध्या फिरत आहे. मीही तो न तपासता पुढे पाठवला, याबद्दल दिलगीर आहे. तो पराक्रम खरा, पण २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असे हरवून जिंकलेल्या आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेचा. आणि तेव्हाही मोहन बागानचे खेळाडू सुधीर चटर्जी यांच्या पायांत बूट होतेच. १८९१ मध्ये सुरू होऊन २०००-०१ नंतर बंद पडलेल्या रोव्हर्स कप या मुंबईतील फुटबॉल स्पर्धेच्या विजेत्यांची यादी वर्षवार ताडून पाहिली असता, हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स (१९३७) दिसतो, तर मोहन बागानचे नाव थेट १९५५ मध्ये येते. कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये.