९७ म्हणजे ताप नाहीच

सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं माझा संगणक अगदी गुणी बाळ असतो. अकराव्या मिनिटाला त्याच्या अंगात येतं. मी 'क' दाबतो, आणि तो 'क' पडद्यावर उगवेपर्यंत पुढे काय लिहायचं होतं तेच विसरतो. माऊसचा बाण शाळेला निघालेल्या पोरासारखा पाय ओढत चालतो.

खरं उत्तर त्या दहा मिनिटांतच दडलं होतं. पण समोरचं दिसेल तर तो मी कसला! मी आधी व्हायरसला शिव्या घातल्या, मग इंटरनेटला. जागा करायची म्हणून शेकडो फोटो उडवले. शेवटी विंडोजच पुसून नव्याने घातलं. नवं विंडोज झकास चाललं. दहा मिनिटं.

नाक मुठीत धरून भाच्याला फोन लावला.

"मामा, टेम्परेचर किती आहे?"

"मला कुठे ताप आलाय? संगणकाचं बोलतोय मी."

"मीपण त्याचंच बोलतोय."

तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्याने मला उतरवायला लावलं. आकडा आला ९७. मी तो फोनवर ओरडून सांगितला, तशी आतल्या खोलीतून आई म्हणाली, "९७ म्हणजे ताप नाहीच! नुसती कणकण असेल." हे सेल्सिअस आहे, एवढ्यात पाणी उकळायला येतं, असं मी तिला समजावलं. "मग तू कशाला उकळतोयस?" एवढं बोलून तिने विषय संपवला.

भाचा म्हणाला, प्रोसेसर शंभरीजवळ पोचला की जळून जाऊ नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. टास्क मॅनेजर उघडून बघितलं, तर ३.२ गिगाहर्ट्झचा गडी ०.८ वर येऊन बसला होता. मला त्याचा जरा हेवाच वाटला. डोकं तापलं की काम कमी करायचं, ही अक्कल आमच्या घराण्यात कुणालाही नाही.

कॅबिनेटचं झाकण काढलं. पंखा इमानदारीत फिरत होता, पण त्याच्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत धुळीची अशी जाड गादी बसली होती की वाऱ्याला शिरायला फटच नव्हती. मशीन बंद करून मी जोरात फुंकर मारली. त्यानंतर काही वेळ मला काहीच दिसलं नाही. मग ब्रश आणला. (पंखा बोटाने धरून ठेवायचा, भिरभिरू द्यायचा नाही, हे भाच्याने तीनदा बजावलं. बहुतेक मला ओळखून असल्यामुळे.) साफ करताना लक्षात आलं की हीटसिंकच्या चार पिनांपैकी एक बोर्डात बसलेलीच नाही. हा गृहस्थ इतकी वर्षं एक पाय हवेत धरून उभा होता. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, वाळून खपली झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी वाटाण्याएवढी लावायची होती. मी ब्रशवर टूथपेस्ट घेतात तेवढी घेतली, पुन्हा पुसली, पुन्हा लावली.

आकडा ६१! दोन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ एडिट करताना खट्ट झालं आणि पडदा काळा. मशीन आपोआप पुन्हा सुरू. संगणकाच्या आतल्या नोंदवहीत बघितलं तर विंडोजने क्रमांक ४१ ची नोंद केली होती: संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. हे मला ठाऊक होतं. मी समोरच बसलो होतो.

"उष्णतेने तो मंदावतो, मामा. असा पटकन कोसळला तर पॉवर सप्लाय बघायचा," भाचा म्हणाला. आता मी मल्टिमीटरही आणला होता. काळी तार, पिवळी तार, तिथे १२ व्होल्ट हवेत. ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत माफ. नुसता बसला होता तेव्हा ११.९. व्हिडिओ सुरू केला आणि काटा ११.२ वर. म्हणजे कामाचं नाव काढलं की याचा जीव जातो.

"पण इतकी वर्षं चालला की रे!"

"मध्ये काही नवीन बसवलंत का?"

बसवलं होतं ना. ग्राफिक्स कार्ड. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात तेवढ्याने भागत नाही म्हणून आठ पिनांची वेगळी तार लागणारं, आणखी १५० वॉटपर्यंत ओढू शकणारं. आणि आमचा जुना पॉवर सप्लाय सगळा मिळून ३०० वॉटचा.

"कुणी दिलं असलं कार्ड तुम्हाला?"

"तू. वाढदिवसाला."

फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. नवा पॉवर सप्लाय त्याने स्वतः आणून बसवला. जुना उघडून बघायची मला फार इच्छा होती, पण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते असं सांगून तो त्याने काखोटीला मारून नेला.

संध्याकाळी आईने विचारलं, "किती आहे आता त्याला?"

"६१."

"अगं बाई, गार पडला की!"

मी हसलो आणि फिरायला गेलो. परत येऊन बघतो तर कॅबिनेटला आईची जुनी शाल, चारी बाजूंनी नीट खोचलेली. पडद्यावर आकडा ८८. तो मी तिला वाचून दाखवला.

"बघ," ती समाधानाने म्हणाली, "आली ना ऊब?"