अकरावा दोष सापडू नये म्हणून

जुलैची झड लागली आहे, न्हावा शेवाला कंटेनर उद्या लावायचा आहे आणि सहा हजार टी-शर्टांचं परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने होणारं फायनल इन्स्पेक्शन आज दुपारी? घाबरू नका. नियम तुमच्याच बाजूचे आहेत. सहा हजारांच्या लॉटमधून नमुना तक्त्यातल्या सर्वसाधारण पातळी २ प्रमाणे तपासायला फक्त २०० पीस काढतात. मोठे दोष एक्यूएल (किती दोष खपवून घ्यायचे त्याची ठरलेली पातळी) २.५ ने १० निघाले तरी माल पास, ११ निघाले की फेल. किरकोळ दोष ४.० ने १४ पर्यंत माफ. उरलेल्या ५,८०० पिसांचं तोंडही कुणी पाहत नाही.

कार्टन कुठली उघडायची ते इन्स्पेक्टर स्वतः सांगेल. सांगू द्या. १५० कार्टनचं वर्गमूळ काढून तो तेराएक आकडे लिहून देईल. त्यातली भिंतीला टेकलेल्या मागच्या रांगेतली निघाली, तर थप्पी उतरवायला दोन हमाल आणि अर्धा तास लागेल, एवढंच नम्रपणे कानावर घाला. ती रांग पॅलेटशिवाय, म्हणजे खाली लाकडी फळ्या न घालता, थेट फरशीवर आहे हे सांगायची गरज नाही. जेवणाचा विषय इथेच काढावा. मासेमारीला ३१ जुलैपर्यंत बंदी असते, तेव्हा पापलेटचं आमिष दाखवू नका, सुक्या बोंबलावर भागवा.

आता टेप. होजिअरीचं कापड ताणतं, यासारखं सुख नाही. स्पेक शीटवर, म्हणजे ठरलेल्या मापांच्या कागदावर, छाती ५२ सेंटिमीटर, सूट एक सेंटिमीटर, आणि पीस भरतोय ५०.५. टी-शर्ट टेबलावर पसरा, काखेच्या २.५ सेंटिमीटर खाली डावा अंगठा शिवणीवर रोवा आणि उजवा तळहात 'सुरकुती काढतो' म्हणत पलीकडच्या शिवणीपर्यंत न्या. ५१! मात्र रुंदी ओढली की लांबी आखडते, म्हणून लांबी मोजण्याआधी पीस एकदा झटकून घ्या. दीड सेंटिमीटर गेला कुठे, हे कटिंग मास्तरला विचारू नका. ताका उलगडून कापड २४ तास मोकळं सोडायचं असतं. घाईत ते ताणलेलंच लेयरला (कापण्यासाठी रचलेल्या थरांना) लागलं आणि कापल्यावर आपल्या मूळ मापावर गेलं.

टेपखाली जेवढं ताणलंत, तेवढं खांद्याच्या शिवणीला मात्र ताणू नका. निटला, म्हणजे या होजिअरीच्या कापडाला, गोल टोकाची सुई लागते, ती धागा बाजूला सारून जाते. बोथटलेली किंवा टोकदार सुई लागली की विणीचा लूप, म्हणजे धाग्याचा फासच, तुटतो. भोक तेव्हा दिसत नाही. शिवण दोन बोटांत धरून ओढली की दिसतं, म्हणून ओढायची नाही.

सुई तुटली असेल तर मात्र चेष्टा पुरे. सगळे तुकडे रजिस्टरमध्ये टेपने चिकटवलेले हवेत. एक जरी कमी असला तरी जवळचे सगळे पीस पुन्हा धातू शोधणाऱ्या डिटेक्टरखालून काढा. लहान मुलांच्या कपड्यात टोक राहिलं तर तिथे १० ची सूट नाही, शून्य आहे.

शेडिंग, म्हणजे रंगातला फरक, बघायला डी६५चा (दिवसाच्या प्रमाणित उजेडाचा) लाइटबॉक्स मागितला तर दारातल्या उजेडाकडे बोट दाखवा. पावसाळी आभाळाखाली रंगाच्या दोन लॉटचे निळे सख्खे भाऊ वाटतात. सिंगल जर्सीची (टी-शर्टच्या साध्या विणीच्या कापडाची) बाजूची शिवण धुतल्यावर पिळून पोटावर येते, म्हणून कुणी 'एक पीस धुऊन बघू' म्हणालाच, तर खिडकीबाहेर बघून उसासा टाका. आमच्याकडे जुलैत रुमाल वाळत नाही, तर टी-शर्ट कुठला?

शेवटी पॅकिंग. प्रेसची वाफ निवायच्या आत पीस पॉलीबॅगमध्ये कोंबा, वेळ वाचतो. सिलिका जेलचा डबा सकाळीच उघडून ठेवा. दुपारपर्यंत ती अख्ख्या शेडची ओल पिऊन तृप्त होते, मग एकेक पुडी कार्टनमध्ये टाका. समुद्रात रात्री कंटेनरचं छत गार पडतं, आतली वाफ थेंब होऊन कार्टनवर टपकते, ते वेगळंच.

महिन्याभराने परदेशातल्या गोदामात टेप कापली की माळ्यावरच्या गोधडीचा वास सुटेल आणि कॉलरवरच्या काळ्या ठिपक्यांचे फोटो मेलवर येतील. फोटोत कार्टनचा नंबरही असेल, मागच्या रांगेतला.