विमानात बंदूकवाला पाहिजेच! प्रवाशांसाठी काही मोलाचे सल्ले

राजेहो, सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. विमानप्रवास सुरक्षित व्हायचा असेल तर उपाय एकच, प्रत्येक विमानात बंदूकवाला. एक नाही, दोन. एक पुढे, एक मागे. मिशीवाले. आणि बंदूक लपवलेली चालणार नाही, दिसली पाहिजे, नाहीतर तिकिटाचे पैसे कशाचे देऊन राह्यलो आपण? हे मी नाही म्हणत. आमच्या सोसायटीचा ग्रुप म्हणतो, परवा विमानात शेजारी बसलेले काका म्हणत होते, आणि ज्यांनी विमान फक्त नागपूरच्या वर्धा रोडवरून डोक्यावरनं जाताना पाहिलंय ते तर सगळ्यात जोरात म्हणतात. एवढी माणसं म्हणतात म्हणजे खरंच असेल. तर या मागणीला आपलाही हातभार लागावा म्हणून काही सल्ले देतो, जमेल तसे अमलात आणा.

सल्ला 1. माहिती अजिबात काढू नका. भारतात स्काय मार्शल आहेत, 1999 च्या कंदाहार विमान अपहरणानंतर ते सुरू झाले, एनएसजीचे म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे कमांडो असतात, साध्या कपड्यात बसतात, ठरावीक फ्लाइटवरच असतात आणि कोणत्या ते सांगत नाहीत कारण सांगितलं तर उपयोगच काय. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाच ग्रुपवर फॉरवर्ड होतं. आणि कुणी शहाण्यानं म्हटलंच की अहो असतात ते, तर लगेच म्हणायचं, 'मले तर कधी दिसला नाही बावा.' साध्या कपड्यात लपून बसलेला माणूस दिसला नाही म्हणून तक्रार करायची हिंमत आपल्यातच आहे.

सल्ला 2. इतिहास जरूर सांगा पण अर्ध्यात थांबा. '24 डिसेंबर 1999, काठमांडू ते दिल्ली, एक गनमॅन असता ना विमानात!' इथं सुस्कारा टाकायचा आणि चहा मागवायचा. पुढे गेलात की पंचाईत होते. पुढे असं आहे की हत्यारं काठमांडूच्या विमानतळावरूनच आत गेली, म्हणजे भोक जमिनीवर होतं. मग ते विमान अमृतसरला उतरलं, आपल्याच देशात, पाऊण तासाच्या आसपास उभं राहिलं, आणि पंजाबात काय बंदुकांची कमी होती का? ठरवणाऱ्यांचंच ठरेना, तोवर विमान उडून गेलं. लाहोर, दुबई, कंदाहार, आणि 31 डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आणले. त्याच्याही मागे जाऊच नका. 1971 मध्ये श्रीनगरहून निघालेलं 'गंगा' नावाचं विमान लाहोरला पळवलं ते खेळण्यातलं पिस्तूल आणि नकली ग्रेनेड दाखवून. 1978 मध्ये लखनौ-दिल्ली विमान पळवलं ते खेळण्यातलं पिस्तूल आणि क्रिकेटचा बॉल दाखवून, आणि पळवणाऱ्या त्या दोन भावी नेत्यांना 1980 मध्ये काँग्रेस पक्षानं विधानसभेची उमेदवारी दिली, दोघेही आमदार झाले. आता यात बंदूकवाल्यानं कुणाला रोखायचं होतं, बॉलला का पक्षाला?

सल्ला 3. हिशोब करू नका. देशात रोज तीन हजारांच्या आसपास देशांतर्गत उड्डाणं होतात, त्यात दोन-दोन माणसं बसवायची म्हणजे रोज सहा हजार सीटा गेल्या, त्यांचं ट्रेनिंग वेगळं, सुट्ट्या वेगळ्या. दिवाळीत पुणे-नागपूरचं भाडं पाहून ज्यांना चक्कर येते त्यांनीच ही मागणी सगळ्यात पुढे होऊन करावी.

सल्ला 4. अमेरिकेचं नाव घ्या. 11 सप्टेंबर 2001 ला त्या अख्ख्या देशात 33 एअर मार्शल होते आणि पळवलेल्या चारपैकी एकाही विमानात नव्हता, हे खरं आहे, हे ठासून सांगा. नंतर त्यांनी हजारोंनी भरती केली तेही सांगा. फक्त हे सांगू नका की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बुटात स्फोटकं घेऊन बसलेल्याला पकडलं ते एअर होस्टेसनी आणि शेजारच्या प्रवाशांनी, बेल्ट-बिल्ट जे हाताला लागलं त्यानं बांधून. 2009 च्या ख्रिसमसला चड्डीत स्फोटकं लपवून आला त्यालाही प्रवाशानंच धरलं. आणि 2005 मध्ये मायामीत मार्शलनी खरंच गोळ्या झाडल्या, माणूस जागीच गेला, मानसिक आजारी होता बिचारा, त्याच्याजवळ बॉम्ब-बिम्ब काही सापडला नाही. हे सांगितलं तर ग्रुपवर कुणी थम्ब देत नाही.

सल्ला 5. कॉकपिटचा दरवाजा आता बुलेटप्रूफ असतो आणि आतून बंद असतो, हे विसरा. 2015 मध्ये युरोपात तोच दरवाजा आतून लावून को-पायलटनं स्वतःसकट 150 जणांना डोंगरावर आपटलं, बाहेर कॅप्टन दार ठोकत राहिला. तिथं बंदूकवाला असता तर तोही ठोकत बसला असता.

सल्ला 6. इस्रायल! हे तर राहिलंच. 'इस्रायलसारखं पाहिजे.' बरोबर, एल अल या त्यांच्या विमान कंपनीच्या विमानात हत्यारबंद गार्ड असतात, 1968 ला त्यांचं विमान पळवलं तेव्हापासून. पण ते गार्डच्या आधी काय करतात माहितीये? जमिनीवर प्रश्न विचारतात. कुठून आला, कुणाला भेटला, बॅग कुणी भरली, भरताना तुम्ही समोर होता का, कुणी काही द्यायला सांगितलं का, मग तेच प्रश्न दुसरा येऊन उलटे विचारतो. करा कल्पना आपल्या काकांची. 'बॅग कुणी भरली?' 'बायकोनं.' 'आत काय आहे?' 'तिलेच विचारा.' 'हा डबा कुणाचा?' 'तो साळ्याचा, पुण्याला द्यायचा आहे, सावजी मसाला असंन.' इस्रायलमध्ये असते तर काका अजून तिथंच बसलेले असते.

सल्ला 7. विनोद करा. सुरक्षा तपासणी, बोर्डिंग, विमानाच्या आत, जिथं जमेल तिथं, आणि विषय एकच ठेवा, बॉम्ब.

आता हे मी उगाच नाही सांगत. परवाची मुंबई-नागपूर रात्रीची फ्लाइट, सगळे बसलेले, दार लागायच्या बेतात, आणि इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत एक साहेब, गळ्यात ऑफिसचा पट्टा, लॅपटॉपची बॅग पायाशी. एअर होस्टेसनं साधं सांगितलं, सर या रांगेत बॅग वर ठेवावी लागते. यात भांडण्यासारखं काय आहे? नियम आहे, दिसली वर जागा, ठेवली, संपलं. पण नाही. साहेबांना शेजारच्या दोघांसमोर हुशारी दाखवायची होती, तर म्हणतात, 'बॉम्ब नाही आहे मॅडम त्यात, एवढं का घाबरता?' आणि हसले. शेजारचे दोघंही हसले. ती मुलगी नाही हसली. ती सरळ पुढे गेली, पडद्यामागं बोलली, आणि पाच मिनिटांनी कॅप्टनचा आवाज आला आणि मग जे व्हायचं ते झालं. साहेबांना खाली नेलं, तेव्हा चेहरा पाहण्यासारखा होता, 'अरे मजाक किया मैंने, मजाक!' आम्हाला सगळ्यांना खाली उतरवलं, बसमध्ये कोंबलं, बॅगा काढून ओळीनं मांडल्या, आपापली ओळखा, कुत्रा आला, परत स्कॅनिंग, परत रांग, परत बूट काढा. माझ्या पुढे एक बाई होती, कडेवर तान्हं बाळ, तिनं दुधाच्या पावडरीसाठी थर्मासमध्ये कोमट पाणी आणलेलं, या उतरचढीत ते कुठल्या तरी ट्रेमध्ये राहिलं आणि मग ते पोर जे रडायला लागलं. आणि मागे एकजण होता, तो काहीच बोलत नव्हता, नुसता फोनवर 'निघू नका, मी येतो, निघू नका' एवढंच. त्याचे वडील सकाळी गेले होते. मयत घरात ठेवून नागपुरात मानेवाड्यात लोक याची वाट पाहत बसले होते. आणि हा कुठं होता, तर मुंबईत बसमध्ये उभा, कारण एका पट्टेवाल्याला विनोद सुचला होता.

नागपुरात उतरलो तेव्हा मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. मेट्रो बंद, टॅक्सीवाल्यांचे भाव तुम्हाला माहिती आहेत.

पण खरी गंमत ही नाही. खरी गंमत शेजारचे काका. दुसऱ्यांदा विमानात बसलो तेव्हा म्हणतात, 'बिचाऱ्यानं गंमत केली, एवढं काऊन ताणायचं?' मी म्हटलं, हो ना. आणि पुढच्याच वाक्याला, एक श्वासही न घेता, 'सरकारनं ना प्रत्येक विमानात गनमॅन ठेवला पाहिजे, आजकाल काही भरोसा नाही.' म्हणजे काका, गनमॅन असता तर त्यानं काय करायचं होतं? त्या पट्टेवाल्याला गोळी घालायची होती का? घालायला माझी हरकत नव्हती तेव्हा, खोटं कशाला बोलू.

आणि हे काय एकट्याचं आहे? ऑक्टोबर 2024 आठवा. शेकड्यानं धमक्या, रोज विमानं वळवा, उतरवा, रिकामी करा. एकातही बॉम्ब नाही. पोलीस शोधत शोधत आले कुठं, तर आपल्या गोंदियाच्या माणसापर्यंत, ज्यानं दहशतवादावर पुस्तक लिहिलेलं. शेजारच्या राजनांदगावचं सतरा वर्षांचं पोरगं पकडलं, त्याला म्हणे पैशावरून भांडण झालेल्या मित्राला अडकवायचं होतं. पुढच्याच महिन्यात नागपूर-कलकत्ता विमान रायपूरला उतरवलं, आत बॉम्ब आहे असं एक प्रवासी बोलला म्हणून, त्याला अटक झाली आणि नंतर बातमी आली की तो स्वतःच गुप्तचर खात्यातला अधिकारी. 2017 ला मुंबई-दिल्ली विमानाच्या टॉयलेटमध्ये एक धमकीची चिठ्ठी सापडली, विमान अहमदाबादला उतरवलं, 2016 च्या नव्या विमान अपहरणविरोधी कायद्याखाली एकाला जन्मठेप आणि 5 कोटींचा दंड झाला आणि 2023 मध्ये हायकोर्टानं तो निर्दोष म्हणून सोडलाही. चिठ्ठी, फोन, ट्वीट. कुठं नेम धरायचा बंदूकवाल्यानं, ट्वीटवर?

सल्ला 8. सीट बेल्टचा दिवा विझायच्या आधी उठा, बॅग काढा आणि वाकून उभे राहा, म्हणजे बंदूकवाल्याला मागचं काहीच दिसणार नाही.

सल्ला 9. विमान धावपट्टीवर असतानाच फोन लावून 'पोहोचलो, पोहोचलो, गाडी पाठव' असं ओरडा.

सल्ला 10. लोकप्रतिनिधींचा आदर्श ठेवा. मार्च 2017 मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या खासदारानं विमान कंपनीच्या साठीतल्या कर्मचाऱ्याला चपलेनं मारलं आणि किती वेळा मारलं ते कॅमेऱ्यासमोर मोजून सांगितलं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी नो-फ्लाय लिस्टचे नियम आले, शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत बंदी, मारहाण केली तर सहा, जिवावर उठलं तर दोन वर्षं किंवा जास्त. हे नियम कुणाला धडाधड लागू झालेले पाहिलेत तुम्ही? मीही नाही. 2022 ला न्यूयॉर्कहून दिल्लीला येताना एकानं दारू पिऊन सहप्रवासी म्हाताऱ्या बाईंच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला, आणि कंपनीनं पोलिसात तक्रार द्यायला आठवडे लावले. तिथं कमी काय होतं, बंदूक?

बास. सल्ले-बिल्ले गेले खड्ड्यात, आता सरळच बोलतो.

स्काय मार्शल नकोत असं मी म्हणत नाही. जिथं धोका आहे त्या मार्गांवर असू द्या, कुठं बसवायचे ते एनएसजीला कळतं, त्यासाठी तुमच्या ग्रुपची गरज नाही. पण तुम्हाला तो माणूस सुरक्षेसाठी नकोच आहे. नागपुरात बर्डीच्या सिग्नलला ट्रॅफिकवाला मामा दिसला की डोक्यावर हेल्मेट जातं आणि पुढच्या चौकात परत आरशाला लटकतं, तसलाच एक मामा तुम्हाला विमानात पाहिजे, दुसऱ्यांवर वचक ठेवायला. स्वतःवर नाही बरं का, दुसऱ्यांवर. कारण खरा बंदूकवाला तुम्हाला रोज भेटतो आणि तुम्ही त्याच्याशी रोज भांडता. 2000 सालापासून विमानतळावर सीआयएसएफ, म्हणजे केंद्राची सुरक्षा फौज, उभी आहे कशासाठी? तो जवान जो रोज स्क्रीनकडं पाहत बॅगांची आतडी तपासतो, त्याला तुम्ही 'जल्दी करो भैया फ्लाइट छूट जाएगी' म्हणता, स्वतः पाऊण तास उशिरा येऊन. त्यानं पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळी ठेवायला सांगितली की तुमचं तोंड वाकडं. बॅग उघडायला लावली की 'हम चोर हैं क्या?' तिसऱ्यांदा ट्रे मागं पाठवला की ओळखीचा साहेब कोण आहे ते फोनमध्ये शोधता. हत्यार आत जाऊ द्यायचं नाही हे काम तो खाली करतो, आणि तिथं दहा मिनिटं रांगेत उभं राहायला तुमचा जीव जातो, आणि वर गेल्यावर म्हणता बंदूक पाहिजे!

त्या एअर होस्टेसचं वय बावीस-तेवीस असेल. तिनं जे करायला पाहिजे तेच केलं. आणि अर्धं विमान तिच्यावर चिडलेलं होतं, त्या पट्टेवाल्यावर नाही. 'हिनं जाऊन सांगितलं नसतं तर' असं बोलणारे होते, मी कानानं ऐकलं, त्यात तुमच्यासारखेच चांगले शिकले-सवरलेले होते, एक बाई तर शाळेत मुख्याध्यापिका. लाज वाटत नाही? तिनं नसतं सांगितलं आणि खरंच काही असतं तर पहिला व्हिडिओ तुम्हीच काढला असता.

मुकाट्यानं वेळेवर या. बॅग वर ठेवा म्हटलं की वर ठेवा. खाली बसा म्हटलं की बसा. आणि बॉम्बचा विनोद फारच ओठावर आला तर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरा, नाहीतरी खिशात लपवून आणलेलाच असतो तुम्ही.